एक-दोन, तीन-चार

‘कुणी केलंय हो हे काम?’ हे वाक्य जगातला प्रत्येक कारागीर दुसऱ्याचं काम उघडल्याबरोबर म्हणतो. नळवाला म्हणतो, शिंपी म्हणतो, भिंतीला रंग देणारा म्हणतो. दातांचे डॉक्टर तर, त्याच्या गिऱ्हाईक असलेल्या एका डॉक्टरांनी स्वतःच हसत कबूल केलं होतं, सकाळी दवाखाना उघडल्यापासून हेच म्हणत असतात, आणि पेशंटच्या तोंडात त्यांचीच बोटं असल्यामुळे तो बिचारा काही सांगूही शकत नाही. म्हणताना कपाळाला आठी घालायची, मान थोडी हलवायची, म्हणजे गिऱ्हाईकाला आधीचा माणूस अडाणी वाटतो आणि आपण आपोआप शहाणे ठरतो. गॅरेजवाला म्हणून त्यानंही आजवर हे वाक्य मनसोक्त वापरलं होतं. त्या दिवशी याच डॉक्टरांच्या गाडीचा मॅनिफोल्ड काढून बाकावर ठेवला, चार नळ्यांच्या तोंडांवरचा काळा थर पुसला, टॉर्च आत धरला आणि सवयीनं तोंड उघडलं. डॉक्टर शेजारी कोट हातावर टाकून उभेच होते, ऐकायला तयार. पण शब्द काही बाहेर पडला नाही. कारण हे काम कुणी केलंय ते त्याला कळलं होतं.

‘‘काय झालं? फारच वाईट आहे का?’’ डॉक्टरांनी विचारलं. हा प्रश्न एरवी ते लोकांकडून ऐकत असणार. स्वतः विचारताना त्यांचा आवाज थोडा बारीक झाला होता. ‘‘नाही, नाही,’’ तो म्हणाला, ‘‘बघतो मी. गाडी राहू दे इथे.’’ डॉक्टरांची तक्रार साधी होती. गाडी त्यांनी एका वर्गमित्राकडून घेतली होती. मित्र हौशी, त्यानं पिकअप वाढवायला इंजिनवर बरंच काम करून घेतलं होतं, आणि गाडी पळतेही जोरात. पण मध्येच अडखळते, सिग्नलला उभी असली की थरथरते, एखाद्याला बोलायचं असावं आणि बोलता येऊ नये तशी. हे शेवटचं डॉक्टरांचंच. ‘‘एक तर ते थरथरणं घालवा, आणि जमलं तर अजून थोडी ताकद वाढवा,’’ एवढं सांगून ते गेले. तो टॉर्च हातात घेऊन तसाच उभा राहिला. मॅनिफोल्ड म्हणजे तसं बघायला गेलं तर काहीच नसतं, इंजिनला श्वास पुरवणाऱ्या अॅल्युमिनियमच्या चार नळ्या, एका अंगानं जोडलेल्या. कारखान्यातून येतात तेव्हा आत ओबडधोबड असतात, तोंडं इंजिनच्या भोकांशी नीट जुळत नाहीत, कडा आडव्या येतात आणि हवा तिथे ठेचकाळते. ग्राइंडरनं आतून थोडं थोडं घासत त्या मोकळ्या करायच्या, चारही अगदी सारख्या, म्हणजे इंजिन मोकळा श्वास घेतं. जास्त घासलं तर भिंतीला भोक पडतं आणि सगळंच मुसळ केरात. या कामात हात दिसतो. अक्षर दिसावं तसा दिसतो, आणि तिसऱ्या-चौथ्या नळीत दादाचा हात दिसत होता.

दादा डावरा. त्याच्या घासण्याच्या रेघा उलट्या कलायच्या. शिवाय नळीच्या तळाशी, तोंडापासून जरा आत, नखाएवढी जागा तो मुद्दाम खरबरीत सोडायचा. बाबा म्हणायचे, पूर्ण कर ते, कामचुकारपणा दिसतो. दादा म्हणायचा, ‘‘राहू दे हो बाबा, हवेलाही कळू दे कुठून आलो ते.’’ बाबांनी या बाबतीत हात टेकले होते. टॉर्चच्या उजेडात ती नखाएवढी जागा तिसऱ्या नळीत होती, चौथ्या नळीतही होती. त्यानं करंगळी आत घालून ती चाचपली. धातू गार होता. आपण हे का करतोय ते त्याला सांगता आलं नसतं, पण बराच वेळ त्यानं करंगळी काढली नाही.

बाबांच्या जुन्या गॅरेजात बाक मध्यभागी होता आणि त्याच्यावर वाइस. मॅनिफोल्ड वाइसमध्ये आवळला की एका बाजूला तो, समोर दादा. एक आणि दोन त्याच्या, तीन आणि चार दादाच्या. दादा डावरा, तो उजवा, म्हणून बाबांनी सुरुवातीलाच वाटणी करून दिली होती आणि दम भरला होता, ‘‘एकमेकांच्या बाजूला हात घालायचा नाही.’’ त्यामागे काही फार मोठं शास्त्र नव्हतं, दोन भावांची भांडणं टळावीत एवढंच असणार. पण बाबांचा शब्द, तो बसला तो बसलाच. दोघं समोरासमोर उभे राहून घासायचे, अॅल्युमिनियमचा भुगा दोघांच्याही भुवयांवर बसायचा, ग्राइंडरच्या आवाजात बोलणं शक्यच नसायचं. तरी दादा थांबला की त्याला कळायचं, आणि तोही थांबायचा. बाबा मग सांध्यात बसणारं पातळ गॅस्केट लावून बघायचे, बोट फिरवायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, ‘‘दोघांत मिळून एक मिस्त्री आहे माझ्याकडे.’’ हे कौतुक की टोमणा, यावर दोघं भाऊ रात्री अंथरुणात वाद घालायचे. तेव्हा गॅरेजच्या वरच्याच दोन खोल्यांत सगळे राहायचे. जिन्यात ग्रीसचा वास असायचा आणि आईच्या साड्यांनाही तो लागायचा. आई म्हणायची, अत्तर लावायचा खर्च वाचला.

दादा गेला तो भांडून गेला नाही. भांडण झालं असतं तर फार बरं झालं असतं, निदान बोट ठेवायला जागा राहिली असती. त्याला दुसऱ्या शहरात मोठ्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं, बाबांनी स्वतः स्टेशनवर सोडलं. आधी फोन यायचे, मग कमी झाले, मग सणासुदीला, मग तेही नाही. कुणी रागावलं नव्हतं, कुणी रुसलं नव्हतं. मध्ये रस्ता रुंद करायचा निघाला आणि गॅरेजसकट वरच्या खोल्या गेल्या, फोन गेला, ते सगळे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आले, गॅरेजही तिकडेच टाकलं. त्यानंतर एकदा तो दादाच्या वर्कशॉपमध्ये जाऊन आला, तर तिथला माणूस म्हणाला, सोडून गेला, कधीच, कुठे माहीत नाही. मग बाबा गेले. त्या दिवशी तो गॅरेजात होता. आईचा फोन आला आणि आई म्हणाली, ‘‘आधी कुठंतरी बस बघू.’’ तो एका टायरवर बसला. मग आईनं सांगितलं. दादाला मात्र थेट सांगायचं राहूनच गेलं. त्याच्या जुन्या वर्कशॉपच्या पत्त्यावर निरोप ठेवला, ओळखीच्यांना सांगितलं, पण पोचला का नाही कुणास ठाऊक. दादा आला नाही. एवढंच नक्की होतं. निरोप न मिळाल्यामुळे आला नाही की मिळूनही आला नाही, हे कधी कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते कळू नये असंच त्याला हळूहळू वाटायला लागलं होतं. न कळण्याची सवय होते. आईलाही झाली असावी. ती दादाचं नाव काढायची नाही. फक्त दिवाणखान्यातल्या फोटोंत त्याचा फोटो पुसताना फडकं जरा जास्त वेळ फिरायचं, त्याकडे सगळे कानाडोळा करायचे.

आणि आता हे. गॅस्केटचा चिकट थर अजून ताजा होता; काम फार जुनं नव्हतं. म्हणजे दादा आहे, हात शाबूत आहे, घासतो आहे. आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण त्याच्या मागोमाग तो जुना प्रश्न आला आणि बाकाजवळ उभा राहिला. डॉक्टरांना विचारलं की त्यांचा वर्गमित्र, वर्गमित्राला विचारलं की गॅरेज, गॅरेजला फोन केला की दादा, आणि दादाला विचारलं की... इतकं सोपं होतं ते. इतक्या वर्षांत त्याच्याकडे निदान ‘शोधणार कुठे’ ही सबब होती. आता तीही राहिली नव्हती.

त्यानं टॉर्च पहिल्या नळीत फिरवला. प्रश्नापासून पळायला काम बरं असतं. पण इथे कामच विचित्र निघालं. एक आणि दोन नंबर वाईट घासले होते. रेघा सरळ बाजूनं कललेल्या, त्याच्या स्वतःच्या असतात तशा, पण लहान पोराच्या अक्षरासारख्या थरथरत्या, मध्येच दाब कमी, मध्येच जास्त. भीत भीत घासल्यामुळे भिंती जाड राहिल्या होत्या. त्यानं इंजिनचे स्पार्क प्लग काढून ओळीनं ठेवले. तीन-चारचे खरपूस तपकिरी, एक-दोनचे काजळी धरलेले. साहजिकच होतं, पेट्रोल चारही ठिकाणी सारखं जाणार आणि हवा मात्र दोघांना पोटभर, दोघांना अर्धपोटी. गाडी थरथरेल नाही तर काय करेल! पण दादासारखा कारागीर असं काम करेल? त्यानं पुन्हा आत बघितलं, आणि कळलं तसा तो खुर्चीवर बसलाच. दादानं एक-दोन उजव्या हातानं घासले होते.

कुठलाही शहाणा माणूस मॅनिफोल्ड फिरवून घेईल आणि आपल्या चालत्या हातानं चारही नळ्या करील. दादाला एवढं कळत नव्हतं असं नाही. पण एक-दोन म्हणजे समोरच्या बाजूनं उभं राहून उजव्या हातानं करायच्या नळ्या, असं त्याच्या अंगात भिनलं असणार. तो बाकाला वळसा घालून पलीकडे गेला असणार, ग्राइंडर उजव्या हातात धरला असणार आणि दात-ओठ खात घासलं असणार. हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर इतकं स्वच्छ उभं राहिलं की त्याला हसू फुटलं. मग हसू जागच्या जागी थांबलं. कारण दादा गेल्यापासून तोही तेच करत होता. तीन-चार आले की तो बाकाच्या पलीकडे जायचा आणि ग्राइंडर डाव्या हातात घ्यायचा. का, असं कुणी विचारलं नव्हतं. बाबा खुर्चीत बसून हे बघायचे, पण त्या अंगठेबहाद्दर डाव्या हाताकडे बघून एरवी सगळ्याला नावं ठेवणारे बाबा एक अक्षर बोलायचे नाहीत. वर्तमानपत्र वर धरायचे.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं बूटही न काढता स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडलं. बायको खाली आली. ती रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करते, हात सतत धुतलेले, आणि नवऱ्याच्या हातांकडे बघून नाक मुरडायचा तिला हक्क आहे. ‘‘दिवसभर लोकांच्या गाड्या उघडून पोट भरलं नाही का?’’ तिनं विचारलं. या गाडीच्या चारही नळ्या त्यानं एकट्यानंच घासल्या होत्या. त्यानं चार प्लग काढून फडक्यावर मांडले. एक-दोन तपकिरी. तीन-चार काळे. इतकी वर्षं तो याचं खापर पेट्रोलवर फोडत होता. ‘‘पंपवाले भेसळ करतात,’’ असं त्यानं तिलाही कितीदा ऐकवलं होतं. त्या चार प्लगांकडे बघताना त्याला वाटलं, आपण घरच्या गाडीतून, बायको-आईला घेऊन, अर्धवट श्वासावर इतकी वर्षं हिंडलो आणि आपल्याला कळलं नाही. मग त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. ‘‘मग फोन कर की,’’ ती म्हणाली.

‘‘आणि तो म्हणाला, कळलं होतं मला बाबांचं, तर?’’

‘‘तर म्हणेल.’’

‘‘आईला काय सांगू मग?’’

‘‘आमच्याकडे लोक रिपोर्ट घेऊन जातात आणि पाकीट उघडतच नाहीत. देवळातल्या अंगाऱ्यासारखं कपाटात ठेवतात. त्यांना वाटतं, उघडलं नाही तोवर आपण बरे. तुझं तसंच चाललंय.’’ एवढं बोलून ती प्लग उचलायला वाकली, मग हात आठवून मागे झाली. ‘‘आणि हे आधी जागेवर बसव. उद्या मला लवकर जायचंय.’’

वर आई खिडकीजवळ बसली होती. तिला हल्ली दिसतं कमी, ऐकू मात्र सगळं येतं. ‘‘खाली काय कुजबुज चालली होती?’’ तिनं विचारलं. ‘‘काही नाही, प्लग बघत होतो,’’ तो म्हणाला. ‘‘प्लग बघायला कुजबुजावं लागतं?’’ आई म्हणाली आणि पुन्हा खिडकीकडे वळली. तो तिच्या पाठीकडे बघत राहिला. म्हातारपणात तिची पाठ लहान झाली होती. हिला सांगितलं आणि दादा कळूनही न आलेला निघाला, तर ही पाठ ते कुठे ठेवेल, असं त्याला वाटलं. आणि न सांगता आपण डॉक्टरांची गाडी देऊन टाकली, तर उद्यापासून आपण हिच्यासमोर रोज जेवायला बसणार कसे, असंही वाटलं. त्या रात्री त्याला झोप लागली, पण ती वरवरची.

दुसऱ्या दिवशी त्यानं मॅनिफोल्ड वाइसमध्ये आवळला आणि सवयीच्या बाजूला, एक-दोनपाशी, उभा राहिला. समोर कुणी नव्हतं. आधी त्यानं ठरवलं होतं, चारही नळ्या नव्यानं सारख्या करू. डॉक्टरांना ताकदही वाढवून हवी होती, तीन-चारमध्ये अजून थोडा धातू होता. ग्राइंडरचं टोक तिसऱ्या नळीच्या तोंडाशी नेलंही. ती नखाएवढी खरबरीत जागा घासायला क्षणभरही लागला नसता. हात आपोआप मागे आला. मग त्यानं एक-दोन घेतले. दादाच्या त्या थरथरत्या रेघांवरून त्याच्या रेघा जायला लागल्या आणि तो भित्रा, जाड राहिलेला धातू भुगा होऊन उडायला लागला. काम त्याच्या इतकं हातातलं होतं की मन मोकळं राहिलं. त्याला वाटलं, हे पुसतोय आपण, दादाचा उजवा हात जगातून पुसून टाकतोय. मग वाटलं, पुसत कुठे, हे अर्धवट राहिलं होतं आणि ज्याचं होतं त्याच्याकडे आलं. कदाचित दादाला नुसता कंटाळाही आला असेल. कदाचित डावा हात दुखत असेल त्या दिवशी. एवढ्याशा रेघांवरून माणसाच्या मनातलं कोण वाचणार! पण मध्येच एकदा तो घासता घासता थांबला, उगाचच, आणि समोर बघितलं. त्याला दादाची फार आठवण आली. इतकी वर्षं यायची ती काळजी असायची, नाहीतर राग. ही नुसती आठवण होती, भुवयांवरच्या भुग्यासकट. मग त्यानं डोळे पुसले आणि डोळ्यांत भुगा गेला, ते एक वेगळंच.

डॉक्टरांना बसवून तो ट्रायलला निघाला. पुलाच्या चढावर त्यानं पाय दाबला. गाडीनं एकसंध, खोल आवाज काढला आणि चढ असा नव्हताच असं दाखवून वर गेली. सिग्नलला उभी राहिली तेव्हा डॉक्टरांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला, नाडी बघावी तसा. ‘‘बंद पडली का?’’ ‘‘चालू आहे.’’ ‘‘कमाल आहे. त्या आधीच्या माणसानं अगदीच वाट लावली होती म्हणायची.’’ आता हो म्हटलं की काम झालं असतं. ‘‘नाही,’’ तो म्हणाला, ‘‘अर्धं काम फार सुरेख आहे त्याचं. तसं मला जमत नाही.’’ डॉक्टरांनी वळून बघितलं. कुणी कारागीर आधीच्या कारागिराबद्दल असं बोलल्याचं त्यांनी बहुधा कधी ऐकलं नसावं. सिग्नल सुटला, मागचा हॉर्न वाजवायला लागला, आणि त्या गडबडीत तो बोलून गेला, ‘‘तुमच्या त्या मित्राला विचारून मला त्या गॅरेजचा नंबर देता का? माझा भाऊ आहे तिथे.’’ आहे म्हणाला तो, असावा म्हणाला नाही.

नंबर संध्याकाळच्या आत आला. तो घरी आला, आईसमोर स्टूल ओढून बसला आणि सांगून टाकलं. गाडी, नळ्या, ती नखाएवढी जागा. आईनं मान खिडकीकडून वळवली, पण चेहरा तसाच. ‘‘लाव,’’ ती म्हणाली. ‘‘आई, पण तो कदाचित...’’ ‘‘मला माहितीय काय ते. लाव तू.’’ बायको दारात येऊन उभी राहिली. फोन वाजत राहिला, मग कुणीतरी उचलला. मागे कॉम्प्रेसर धडधडत होता. ‘‘हां, गॅरेज.’’ आवाज बाबांचा होता. म्हणजे दादाचाच, पण वयानं त्याला बाबांच्या आवाजापाशी आणून सोडलं होतं, आणि आपण काय बोलायचं ठरवलं होतं ते सगळं त्याच्या डोक्यातून गेलं.

‘‘एक-दोन मी केलेत,’’ तो म्हणाला.

पलीकडचा कॉम्प्रेसर बंद झाला. मग चपलांचा आवाज, दार ओढल्याचा आवाज.

‘‘तीन-चारला हात नाही ना लावलास?’’ दादानं विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘मग ठीक.’’ दादा हसला की खोकला ते कळलं नाही. ‘‘मी आलो होतो रे. तिथं नुसता रस्ता होता. दोन दिवस विचारत हिंडलो, कुणी धड सांगेना. मग परत आलो, म्हटलं पुन्हा जाऊ, मग ते...’’ एकदम उत्साह आणून दादा म्हणाला, ‘‘बरं, म्हाताऱ्याला दाखवलंस का? बाबांनी एक-दोन बघून आई-माई काढली असेल माझी. दे ना त्यांना. मी ऐकून घेतो, दे.’’

म्हणजे दादाला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ज्या उत्तराला तो भ्यायला होता ते असं सहज, हसत आलं होतं, आणि आधी त्याला बरंच वाटलं, अगदी छातीभर बरं वाटलं. मग त्या उत्तराची दुसरी बाजू लक्षात आली. पलीकडे, दादाच्या लेखी, बाबा अजून होते, गॅरेजात वर्तमानपत्र घेऊन बसले होते, शिव्या घालायला तयार. ‘‘अरे, ऐकतोयस ना?’’ दादा म्हणत होता. ‘‘दे त्यांना.’’

आईला सगळं ऐकू आलं होतं. तिनं हात पुढे केला. तो हात स्थिर होता. त्यानं फोन त्यात ठेवला. तिनं तो कानाशी नीट धरला, पदर सारखा केला आणि दादा अजून बोलतच होता, तो थांबेपर्यंत थांबली.

‘‘मी आई बोलतेय,’’ ती म्हणाली. ‘‘आधी कुठंतरी बस बघू.’’